घराजवळचा धंदा आणि ग्रामसभेचा अधिकार

(पोखर्णी, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. रस्त्याच्या कडेला जाहिरातीचा फलक कोणी, केवढा आणि कोणाच्या घरासमोर उभारावा. गाडीतून न उतरता खिडकीतून खाणे घेऊन जाण्याची सोय असलेले उपाहारगृह वस्तीच्या किती जवळ असावे. हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच हा विषय आहे. जमीनसुधारणा, हमीभाव, रोजगार हमी या प्रश्नांवर लढे दिलेल्या चळवळीने फलकांवर वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, मालमत्तेचा हक्क कोठे संपतो आणि समाजाचा हक्क कोठे सुरू होतो, हा समाजवादाचा मूळ प्रश्नच येथे अगदी लहान आकारात आपल्या दाराशी येऊन उभा राहतो.

पोखर्णी हे परभणी-गंगाखेडच्या वाटेवरचे गाव. येथले रेल्वेचे स्थानकसुद्धा नृसिंहाच्या नावाने ओळखले जाते आणि दर्शनाला येणाऱ्यांची रीघ असते. अशा गावाच्या रस्त्याकडेच्या जमिनीला भाव येतो. हा भाव कोणी निर्माण केला? जमीनमालकाने त्या जमिनीत काही पेरले म्हणून तो आलेला नाही. रस्ता सरकारच्या पैशाने झाला, यात्रेकरू श्रद्धेने आले आणि बाजारपेठ गावाच्या श्रमाने उभी राहिली. रिकार्डोपासून अर्थशास्त्र ज्याला खंड म्हणते, तो हाच. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ साली हाच मुद्दा मांडला की, समाजाच्या वाढीमुळे जमिनीला येणारी किंमत समाजाची असते. आपल्याकडे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले होते. योजनेमुळे ज्याच्या भूखंडाची किंमत वाढली, त्याच्याकडून सुधार अंशदान घेण्याची तरतूद त्यात होती. मोठ्या फलकाची तर गोष्टच न्यारी. फलकाचा मालक जमीन विकत नाही, मालही विकत नाही. तो रस्त्याने जाणाऱ्यांची नजर विकतो. ही नजर त्याच्या मालकीची कधीच नव्हती.

नफा एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, असा हा व्यवहार कोठवर जातो, हे १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगर भागात दिसले. वादळी वाऱ्यात एक अजस्र फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट गुणिले ४० फूट, म्हणजे १६०० चौरस फुटांची होती. हा फलक सुमारे १२० फूट गुणिले १२० फूट, म्हणजे १४,४०० चौरस फुटांचा होता. मर्यादेच्या नऊपट. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, म्हणून परवानगी तिकडची. आणि महापालिकेचे म्हणणे असे की, आमची परवानगी घेतलीच नव्हती. त्याआधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा उतरवताना कोसळून चौघे गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे पावसापासून आडोसा म्हणून फलकाखाली थांबलेल्यांपैकी पाचजण गेले. मृतांत फलकाचे मालक नव्हते. पोटासाठी किंवा आडोशासाठी तेथे असलेली ती साधी माणसे होती.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांत होतो, किंमत तिसरा मोजतो. पिगूने १९२० साली सांगितले की, ही किंमत करणाऱ्याच्याच माथी मारावी. त्यासाठी कर लावावा, निर्बंध घालावेत. पुढे १९६० साली कोसने प्रतिवाद केला की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च नसेल, तर शेजारी आपसात मिटवून घेतील. या प्रतिवादातील ‘तर’ महत्त्वाचा आहे. एका बाजूला वकील, अभियंते आणि पैसा बाळगून असलेली साखळी कंपनी. दुसऱ्या बाजूला चाळीस घरे, त्यांत कोणी ऊसतोडीला गेलेला, कोणी एकटी म्हातारी, कोणी त्याच जमीनमालकाच्या शेतावर सालगडी. ही वाटाघाट बरोबरीची कशी होणार? शिवाय वाटाघाटीला बसण्यापूर्वीच एक प्रश्न सुटलेला असावा लागतो : शांत झोपेचा हक्क घराचा आहे, की रात्रभर दिवे जाळण्याचा हक्क धंद्याचा? या प्रश्नाचे उत्तर बाजार देत नाही. ते राजकारणाला द्यावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९२ मध्ये संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यांतला पहिला नगररचनेचा आणि दुसरा जमिनीच्या वापराच्या व इमारतींच्या नियमनाचा. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत रस्ते आहेत, ग्रामीण गृहनिर्माण आहे, बाजार व जत्रा आहेत. परंतु जमिनीच्या वापराचे नियमन हा विषय नाही. शहराला निदान कागदावर जे दिले, ते गावाला कागदावरही दिले नाही. शेतजमीन बिगरशेती करण्याचा विषय १९६६ च्या जमीन महसूल संहितेखाली महसूल खात्याकडे राहिला आणि प्रादेशिक योजनेचा विषय त्याच वर्षीच्या नगररचना अधिनियमाखाली शासनाकडे. रस्त्याच्या मध्यापासून मोजल्या जाणाऱ्या इमारत रेषा आहेत, त्या बांधकाम खाते पाहते. त्यांचा हेतू रस्त्याचे आणि वाहतुकीचे संरक्षण हा आहे. घराच्या उंबरठ्यापासून मोजलेली, घराचे संरक्षण करणारी रेषा मात्र कोणी आखलेली नाही.

ध्वनीचे उदाहरण घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण क्षेत्र कोणते, हे आधी ठरलेले असेल तरच या आकड्यांना अर्थ. ज्या गावात क्षेत्रांची आखणीच झालेली नाही, तेथे रात्री खिडकीसमोर इंजिने चालू ठेवून रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांविरुद्ध तक्रार नेमकी कशाच्या आधारावर करायची?

पैशाची बाजूही तशीच. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कराची वाट मोकळी करताना राज्यसूचीतील जाहिरातींवरील कराची ५५ वी नोंद वगळली. जाहिरातीवर कर बसवण्याचा राज्याचा आणि त्याच्यामार्फत स्थानिक संस्थांचा जुना आधार त्याबरोबर गेला. फलक गावात, कोसळला तर गावावर. त्याच्या उत्पन्नावरील कर मात्र वरच्या तिजोरीत.

रोजगाराचा युक्तिवाद आपल्यापुढे नेहमी केला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मराठवाड्यातील तरुणाला काम हवे आहे. पण कोणत्या धंद्याने कोणाला काम मिळते, हे तपासले पाहिजे. साध्या ढाब्यावर गाडी थांबते, माणसे उतरतात, बाकावर बसतात, शेजारच्या टपरीवर पान घेतात, फुले-प्रसाद घेतात, केळीवाल्याकडे जातात. गाडीतूनच खाणे घेऊन जाणारे गिऱ्हाईक गावात पाऊलही टाकत नाही. गावाच्या वाट्याला येतो तो धूर, भोंगा आणि कागदी डबे. अमेरिकेत ही पद्धत वाढली, आणि त्याच देशात मिनियापोलिस शहराच्या परिषदेने २०१९ मध्ये नव्या खिडक्यांना बंदी केली. व्हर्मांट राज्याने १९६८ मध्येच रस्त्याकडेचे जाहिरात फलक कायद्याने हटवायला घेतले. ब्राझीलमधील साओ पावलो या कोट्यवधी वस्तीच्या शहराने २००६ मध्ये कायदा करून १ जानेवारी २००७ पासून बाहेरील जाहिरातींवर बंदी अमलात आणली. या शहरांचा व्यापार त्यामुळे बुडाला नाही.

मात्र एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. क्षेत्रबंदीचे हत्यार दुधारी आहे. अमेरिकेत काळ्यांनी गोऱ्यांच्या मोहल्ल्यात राहू नये, असे नियम शहरे करीत होती. १९१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले, तेव्हा भूखंडाचा किमान आकार वाढवून गरिबांना बाहेर ठेवण्याची युक्ती पुढे आली. आपल्याला हे शिकायला अमेरिकेत जावे लागत नाही. गावकूस ही आपली सर्वांत जुनी क्षेत्रबंदी. कोणी कोठे राहावे, कोणाच्या दिशेने घाण जावी, हे तिने शतकानुशतके ठरवले. त्यामुळे अधिकार ग्रामसभेला दिला की काम झाले, असे मी म्हणणार नाही. बहुमताच्या जोरावर ग्रामसभा उपद्रवी धंदा मुख्य गावापासून दूर नेईल आणि दलित वस्तीच्या किंवा पारध्यांच्या पालांच्या समोर बसवील. असा ठराव लोकशाही मार्गाने झालेला असला, तरी तो अन्यायच राहील. तसेच शिस्तीच्या नावाखाली पहिला बडगा टपरीवाल्यावर पडतो, हाही अनुभव आहे. शहरांसाठी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले असावेत असे ठरवले. गावातील टपरीवाल्याला असे संरक्षण नाही.

मग मार्ग कोणता? त्याचा एक नमुना महाराष्ट्रात तयार आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातील महिलांनी मागणी करावी, गुप्त मतदान व्हावे आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवाना रद्द व्हावा, अशी व्यवस्था २००८ च्या आदेशाने झाली आहे. ज्याला धंद्याचा त्रास सोसावा लागतो, त्याचे मत त्या धंद्याच्या परवान्यापेक्षा वरचढ ठरू शकते, हे तत्त्व राज्याने एका बाबतीत मान्य केले आहे. ते दुसऱ्या बाबतीत का मान्य करू नये?

म्हणून माझ्या सूचना अशा. पहिली, अशा धंद्याचा किंवा मोठ्या फलकाचा अर्ज आला की, त्याचा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर लावावा आणि तो आधी महिला सभेत, मग ग्रामसभेत चर्चेला यावा. दुसरी, लगतच्या घरांचे वेगळे मतदान व्हावे; त्यांची संमती नसेल तर ग्रामसभेचे बहुमतही पुरेसे मानू नये. तिसरी, फलकाच्या आकाराला, उंचीला आणि रात्री दहानंतरच्या प्रकाशाला मर्यादा असावी आणि सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला दरवर्षी घ्यावा. चौथी, हातगाडी, टपरी आणि घरगुती दुकानाची पाटी यांना या जाचातून वगळावे. पाचवी, मोठ्या फलकाचे परवाना शुल्क ग्रामनिधीत जमा व्हावे. यासाठी ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती लागेल आणि ती विधिमंडळाकडे मागावी लागेल. तोपर्यंत ग्रामसभेचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकती म्हणून पाठवत राहावे.

आणि शेवटची गोष्ट कार्यकर्त्यांना. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला, तेव्हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या फलकांपुरता नव्हता. राजकीय पक्षांचे फलकही त्यात होते. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याच्या घरच्या लग्नाचा फलक दुचाकीवरून जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात बांधणाऱ्या हातांना कंपनीच्या फलकाविरुद्ध निवेदन देण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. ज्या गावात आपली शाखा आहे, तेथे आपल्या पक्षाचा एकही विनापरवाना फलक राहणार नाही, असा ठराव आधी शाखेच्या बैठकीत करा. तो अमलात आणा आणि मग ग्रामसभेत उभे राहा. तुमचे म्हणणे लोक त्यानंतरच ऐकून घेतील.