नाव नसलेल्यांची नोंद

(हीरक महोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



इतिहास हा पाठांतराचा विषय आहे, असा समज शाळाशाळांतून फार जुना आहे. परंतु इतिहासाची काही पाने कागदावर नसतात. ती गुडघे टेकून मातीतून वाचावी लागतात. इंग्लंडमधील विद्यार्थ्यांच्या एका उत्खननाची हकिकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

लिंकनशायरमध्ये, हंबर नदीच्या दक्षिणेस, थॉर्नटन येथे ११३९ साली ऑगस्टिनियन पंथाचा ख्रिस्ती मठ स्थापन झाला. चारशे वर्षांनी, १५३९ मध्ये, आठव्या हेन्री राजाच्या राजवटीत तो बरखास्त झाला. विटांचे भव्य प्रवेशद्वार, काही पडक्या भिंती आणि सभोवारची हिरवळ एवढेच आज तेथे दिसते. या हिरवळीखाली काय दडले आहे हे शोधण्यासाठी शेफिल्ड विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०११ साली डॉ. ह्यू विलमॉट यांच्या नेतृत्वाखाली काम हाती घेतले. खोदणाऱ्या हातांत विद्यार्थ्यांचे हात होते.

उत्खनन म्हणजे खजिन्याचा शोध नव्हे. त्यात दिवसभर लहान करणीने माती बोटाबोटाने खरवडायची, रंग बदललेला थर ओळखायचा, माती चाळायची, प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवायची आणि मगच तो उचलायचा. एकदा उचललेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून तेथे घाईपेक्षा नोंदीला अधिक मान असतो.

हळूहळू मठाच्या रुग्णालयाचे अवशेष उघडे झाले. ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या क्रुसाचे एक लोलक तेथे मिळाले. एका वेदनादायक त्वचारोगाच्या उपचाराशी या चिन्हाचा त्या काळी संबंध होता. रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात कोरीव शिळेखाली एका धर्मगुरूचे दफन सापडले. शिळेवर त्याचे नाव होते, रिचर्ड. मृत्यूची तारीखही होती, १७ एप्रिल १३१७. बालपणी त्याला पुरेसे पोषण मिळाले नव्हते, हे त्याच्या हाडांनी सांगितले. शिळेने नाव सांगितले आणि अस्थींनी आयुष्य.

याच परिसरात आणखी जे सापडले त्याची अपेक्षा कोणीही केली नव्हती. एकाच खड्ड्यात अठ्ठेचाळीस जणांचे सांगाडे होते. स्त्रिया होत्या, पुरुष होते आणि निम्म्याहून अधिक मुले होती. एकाही सांगाड्याशी नाव नव्हते. दातांचे नमुने कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तपासण्यात आले, आणि त्यांत प्लेगच्या जंतूचे अंश आढळले. ही १३४८-४९ च्या महामारीतील माणसे होती. त्या साथीत इंग्लंडची निम्मी लोकसंख्या नाहीशी झाली असावी, असा अंदाज आहे. तरीही ग्रामीण भागात असे सामूहिक दफन सापडणे अत्यंत दुर्मीळ होते.

या खड्ड्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मृतदेह घाईने फेकलेले नव्हते. प्रत्येकाला कफनात गुंडाळून, एकमेकांशेजारी, ओळीने निजवलेले होते. गावाची व्यवस्था कोलमडली असता मठातील लोकांनी हे शेवटचे कर्तव्य पार पाडले, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. स्पर्शालाही भिण्याच्या त्या दिवसांत कोणीतरी लहान मुलाला उचलून सावकाश खाली ठेवले होते. साडेसहाशे वर्षांनी विद्यार्थ्यांनी त्याच सावकाशीने माती दूर केली, तेव्हा ही ओळ पुन्हा दृष्टीस पडली.

या प्लेगचे नाते मराठी मनालाही अपरिचित नाही. त्याच जंतूची साथ १८९७ मध्ये पुण्यात पसरली होती. सावित्रीबाई फुले रुग्णांच्या शुश्रूषेत गुंतल्या, त्या रोगाने ग्रासल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. थॉर्नटनच्या मठवासीयांची नावे त्या खड्ड्यापाशी कोणी लिहून ठेवली नाहीत. सावित्रीबाईंचे नाव प्रत्येक मराठी शाळेत घेतले जाते. कर्तव्य मात्र एकच होते.

हीरक महोत्सवी ग्रंथात साठ वर्षांची छायाचित्रे येतील, पारितोषिके येतील, गुणवंतांच्या याद्या येतील. शिळेवर नाव असलेला रिचर्ड प्रत्येक संस्थेत असतो, आणि त्याची नोंद सहज होते. पण जुन्या हजेरीपटात अशीही नावे आहेत ज्यांच्यापुढे काही महिन्यांनी रेघ ओढलेली आहे: वडिलांची बदली झालेली, फी न परवडलेली, आजारपणात शाळा सुटलेली मुले. महाराष्ट्रापासून दूर मायबोलीत शिकायला तीही एके दिवशी याच दारातून आत आली होती.

विद्यार्थिमित्रहो, थॉर्नटनच्या विद्यार्थ्यांनी अठ्ठेचाळीस जणांना नावे परत दिली नाहीत. ते शक्यच नव्हते. त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे मोजले, जपून उचलले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. या शाळेचे जुने हजेरीपट अजून वाचता येतात. त्यांतील रेघ ओढलेल्या नावांचा शोध घेणे, हे विद्यार्थ्यांचे पहिले उत्खनन ठरो.