वायरमन येण्यापूर्वी
(पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणाच्या व्यासपीठावर लाइट बिलाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु मी शिक्षक आहे, आणि कोणाचा गृहपाठ का होत नाही याची चौकशी करणे हे माझे कामच आहे. ज्या घरची वीज तोडली गेली, तेथील दहावीच्या मुलीने रात्री अभ्यास कोठे करावा? आपण पुस्तके देतो, फी माफ करतो. ते पुस्तक ज्या दिव्याखाली वाचायचे त्याचे बिल मात्र ज्याच्या त्याच्या घरची खाजगी बाब मानतो. ती तितकी खाजगी नाही, आणि मदत करायची तर ती वायरमन खांबावर चढण्यापूर्वी करायला हवी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

थकलेले बिल मूळ रकमेवर थांबत नाही. मुदत टळली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो, पुढे थकबाकीवर व्याज चालू होते, आणि जोडणी कायमची तोडली गेली तर ती पुन्हा घेण्याचा खर्च निराळाच.

सरकारी सवलती नाहीत असे नव्हे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मीटरवाचन बंद पडले आणि सरासरीची बिले निघाली. जूनमध्ये वाचन सुरू झाले तेव्हा साठलेले युनिट एकदम बिलात आले; आणि हातावर पोट असलेल्यांची कमाई नेमकी त्याच महिन्यांत बुडालेली होती. तेव्हा महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली, एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूट दिली. पुढे १ सप्टेंबर २०२४ पासून अभय योजना आली. ३१ मार्च २०२४ पर्यंत ज्यांची वीज कायमची तोडली गेली होती, त्यांनी मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ. तीस टक्के आधी, बाकी सहा हप्त्यांत. घरगुती ग्राहकाने सर्व एकदम भरले तर आणखी दहा टक्के सूट. योजना चांगलीच होती. तिची मुदत आता संपली आहे. पण एक गोष्ट मला खटकते. हे अभय वीज तुटल्यानंतरचे होते. जो बाप बायकोची बांगडी गहाण ठेवून बिल भरतो आणि वीज तुटू देत नाही, त्याच्यासाठी त्या योजनेत काही नव्हते.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वेगळा, कमी दर आहे, परंतु त्याला सरासरी महिना तीस युनिटांची मर्यादा आहे. विद्यार्थ्यांनी हिशेब करावा : पंचाहत्तर वॉटचा एक पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला सत्तावीस युनिट होतात. उरलेल्या तीन युनिटांत दिवे लावायचे!

कायदा मात्र सर्वांसाठी आहे, आणि तो माहीत असणे हीही एक मदतच आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तेथे दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. तोंडी भांडणाचा काही उपयोग होत नाही.

आपल्या मोहल्ल्यांतील एक प्रकार मुद्दाम सांगतो. एका घरात तीन भावांच्या तीन चुली आणि मीटर एक. प्रत्येकाचा वापर नव्वद युनिट धरा, एकूण दोनशे सत्तर. घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटांचा आहे, त्यापुढे तीनशेपर्यंत दर बराच वाढतो. म्हणजे एका मीटरवर एकशे सत्तर युनिट वरच्या दराने जातात. तीन स्वतंत्र मीटर असते तर सर्व युनिट खालच्याच दरात बसले असते. स्थिर आकार तीनदा भरावा लागेल हे खरे, तोही हिशेबात धरा. पण हिशेब करा तरी! बिलाच्या मागेपुढे काय छापले आहे ते आपल्या घरात वाचते कोण? रक्कम आणि अंतिम तारीख, बस्स. नववी-दहावीच्या मुलांनी दर महिन्याला मीटरवरचा आकडा वहीत उतरवावा आणि बिलावरील चालू रीडिंगशी ताडून पाहावा. गणिताच्या पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी आहे.

आता पैशांविषयी. जकात ज्यांना द्यावी अशा आठ प्रकारच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. तरी प्रत्येक थकबाकीदार जकातीला पात्र असेलच असे नाही, आणि रक्कम कोणत्या रीतीने द्यावी हे उलेमांना विचारूनच ठरवावे. म्हणून माझी सूचना कर्जे-हसनाची आहे. संस्थेने छोटासा स्वतंत्र निधी काढावा. ज्याचे एक बिल थकले आहे त्याला त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी. ती त्याने पाच-सहा महिन्यांत फेडावी, की तीच पुढच्या घरी जाईल. नावांची यादी फळ्यावर लागू नये, जमातीत वाचली जाऊ नये. हातात फाटके बिल घेऊन दहा माणसांसमोर उभे राहावे लागणार असेल, तर खरा गरजू येणारच नाही. तो अंधारात बसेल. अर्ज दोन माणसांनी पाहावेत, आणि त्यांतील एक बाई असावी, कारण घरात किती पैसा उरला हे बहुधा आईलाच माहीत असते.

अध्यक्षमहाशयांनी हा विषय पुढील सभेपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. तोपर्यंत ज्यांना नोटीस आली असेल त्यांनी नोटीस आणि मागची सहा बिले घेऊन शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. अर्ज लिहून देण्यास आम्ही दोन-तीन शिक्षक बसणार आहोत.