एक डॉलर खंड, पासष्ट वर्षें मुदत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आज मी आपणांस एका जमिनीची हकीकत सांगणार आहें. ही जमीन आपल्या मुलखांतली नाहीं. पॅसिफिक महासागराच्या मधोमध हवाई बेटें आहेत, तेथली ती आहे. इतक्या दूरच्या शेताचा बांध आपण कशाला मोजावा, असें कोणी म्हणेल. पण खंड, मुदत आणि कबुलायत हे तीन शब्द ज्याला कळतात, त्याला ही हकीकत फोड करून सांगावयास नको.

हवाई हें पूर्वीं स्वतंत्र राज्य होतें. १८९३ सालीं तेथली राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत करण्यांत आलें. त्या वेळीं अमेरिकेच्या आरमाराचे शिपाई किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८ सालीं अमेरिकेनें तीं बेटें आपल्या मुलखास जोडून घेतलीं. राजघराण्याची व सरकारची मिळून सुमारें १८ लक्ष एकर जमीन त्याबरोबर गेली. मूळ लोकांची संमति घेतली नाहीं, त्यांना मोबदला दिला नाहीं, ही गोष्ट अमेरिकेच्या काँग्रेसनेंच १९९३ सालीं ठराव करून कबूल केली आहे.

१९५९ सालीं हवाई हें अमेरिकेंतील पन्नासावें राज्य झालें, तेव्हां या जमिनीचा मोठा भाग राज्य सरकारकडे आला. पण कसा आला, हें नीट ध्यानांत घ्या. मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून! या जमिनीचा उपयोग कोणत्या कामीं व्हावा, तीं पांच कामें कायद्यांत लिहिलेलीं आहेत: सार्वजनिक शाळा, मूळ हवाई लोकांची सुधारणा, होतील तितक्या कुटुंबांस स्वतःचें शेत व घर, लोकोपयोगी बांधकामें, आणि सार्वजनिक वापर. मी शाळामास्तर, यादींत पहिलें नांव शाळेचें आहे हें माझ्या डोळ्यांत भरल्यावांचून कसें राहील?

आतां त्या जमिनीचें पुढें काय झालें तें पाहा. ओआहू बेटाच्या पश्चिमेस वाइआनाए नांवाचा किनारा आहे. तेथें माकुआ म्हणून एक दरी आहे. तीन बाजूंस डोंगर, समोर समुद्र. माकुआ या शब्दाचा अर्थच आईबाप. १९४१ च्या डिसेंबरांत पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला आणि लष्करानें ही दरी ताब्यांत घेतली. तेथल्या कुटुंबांना घरेंदारें सोडून जावें लागलें. युद्ध चालेल तोंवर व त्यानंतर सहा महिने, एवढीच मुदत १९४३ सालच्या परवान्यांत ठरली होती. गांवचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिरही सरावाच्या माऱ्यांतून वांचलें नाहीं. १९४५ सालीं युद्ध संपलें. सहा महिने गेले, वर्षें गेलीं, लष्कर हाललें नाहीं. चंचुप्रवेश झाला कीं मुसळप्रवेश व्हावयास वेळ लागत नाहीं, तो असा.

मग आलें १९६४ साल. हवाईस राज्याचा दर्जा देणाऱ्या कायद्यानें मध्यवर्ती सरकारला एक सवलत दिली होती. लागेल ती जमीन त्यानें पांच वर्षांच्या आंत आपल्याकडे कायम ठेवून घ्यावी. ही पांच वर्षें भरत आलीं असतां माकुआचा बहुतेक भाग राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमानें लष्कराकडे राहिला. सुमारें ४,१९० एकरांच्या त्या लष्करी तळांतले ७८२ एकर तेवढे राज्याचे उरले. ते राज्यानें मध्यवर्ती सरकारास पट्ट्यानें दिले. इतर ठिकाणच्याही जमिनी तशाच दिल्या. पोहाकुलोआ या डोंगरपठारावरची एकटीच जवळजवळ २३ हजार एकर. मुदत ६५ वर्षें. आणि पट्ट्याचा खंड किती म्हणाल, तर एक डॉलर! दर एकरीं नव्हे, दर सालही नव्हे. ६५ वर्षांचा मिळून एक डॉलर!

एका हातीं सबंध जमीन गिळण्याचा अधिकार असतां दुसऱ्या हातानें मांडलेला सौदा बरोबरीचा कसा होणार? सावकारापुढें बसून कागदावर अंगठा केलेल्या माणसाला हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

बरें, खंड गेला तर गेला. जमीन तरी कोणी पाहिली काय? दारूगोळ्याचे अवशेष काढून टाकावेत, अशी अट पट्ट्यांत होती. पण अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहावयास राज्याचे अधिकारी पन्नास वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळांच गेले. शेवटीं २०१४ सालीं दोघां मूळ हवाई रहिवाशांनीं पोहाकुलोआबद्दल आपल्याच राज्य सरकारवर फिर्याद केली. २०१९ सालीं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, विश्वस्तानें जमीन पट्ट्यानें दिली तरी तिच्यावर नजर ठेवण्याचें त्याचें कर्तव्य सुटत नाहीं. त्यांच्या भाषेंत जमिनीला आइना म्हणतात. आइना म्हणजे पोसणारी. आपण काळी आई म्हणतों, त्याच भावनेचा हा शब्द आहे.

लष्कराची बाजू मांडणारे म्हणतात कीं, देशाचें रक्षण नको काय? लष्करामुळें हजारों लोकांना रोजगार मिळतो, तो बुडवावा काय? हे प्रश्न खोटे नाहींत. शिपायाला सराव लागतो, आणि शिपाई बहुधा गरिबाचाच मुलगा असतो. पण बंदुकीला, कपड्याला, धान्याला सरकार दाम मोजतें. मग जमीनच तेवढी फुकट कां? रक्षण सर्वांचें, तर त्याचा भार एकाच किनाऱ्यानें कां वाहावा?

आणि फुकट दिलेलें शेवटीं किती महाग पडतें तेंही पाहा. काहोओलावे नांवाचें एक सबंध बेट, सुमारें २८ हजार एकरांचें, १९४१ पासून १९९० पर्यंत बाँबफेकीच्या सरावाला वापरलें. पुढें तें राज्याला परत मिळालें. साफसफाईला सुमारें ४० कोटी डॉलर खर्च झाले. तरी बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा साफ झालाच नाहीं. माकुआंतही आगी लागल्या. २००३ सालीं लष्करानें मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर जाऊन २,००० एकरांवर रान जळालें. लोकांनीं कोर्टांत दाद मागितल्यामुळें २००४ पासून तेथला गोळीबार थांबला आहे.

हे पट्टे २०२९ च्या ऑगस्टांत संपतात. लष्करानें पुढील वापरासाठीं परिणामांचे अहवाल तयार केले. २०२५ च्या मे व जून महिन्यांत राज्याच्या जमीन मंडळानें ते अपुरे म्हणून नाकारले. माकुआचे पट्ट्याचे एकर पुढें ठेवण्याचा आपला विचार नाहीं, असें लष्करानें म्हटलें आहे. पण जमीन सोडणें निराळें आणि साफ करून परत देणें निराळें. कुळानें शेत सोडलें आणि विहिरींत दगड टाकून गेला, तर त्याला परत दिलें म्हणत नाहींत.

बंधुभगिनींनो, गायरान गांवाचें असतें, पाटलाचें नसतें. तसेंच सरकारच्या हातांतली जमीन लोकांची असते, सही करणाऱ्या हाताची नसते. म्हणून सरकारी जमीन कोणाच्याही ताब्यांत जाण्याची वार्ता कानीं येईल तेव्हां चार गोष्टी विचारा: खंड किती? मुदत किती? पाहणी कोण करणार? आणि परत देतांना जमीन कोणत्या स्थितींत असेल? हीं उत्तरें कागदावर येईपर्यंत गप्प बसूं नका. हवाईच्या लोकांना हे प्रश्न विचारावयास फार उशीर झाला, कारण १९६४ सालीं त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें. आपल्या मुलांना लिहितांवाचतां येतें. त्यांच्याकडून कागद वाचून घ्या. शाळा त्यासाठींच असते.