दगाबाज बर्फ

ब्रिटनमध्ये कडाक्याच्या थंडीत हवामानवृत्त ऐकलंत, तर रस्ते 'ट्रेचरस' झाल्याचा इशारा हमखास कानावर पडतो. मुळात हे विशेषण विश्वासघातकी माणसाचं. फसवणं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून ते इंग्रजीत आलं. 'ट्रिक'ही त्याच घराण्यातला. पुढे ते वरून निर्धोक दिसणाऱ्या बर्फाला, वाळूला, समुद्री प्रवाहांनाही लागू लागलं. डांबरावरचा पारदर्शक बर्फ नजरेला दिसतच नाही, चाक घसरलं की कळतो. दगा तो हाच! पेटलेलं घर मात्र 'डेंजरस', 'ट्रेचरस' नव्हे. तिथला धोका उघडा असतो. आणि देशद्रोहासाठीचा 'ट्रीझन' हा शब्द 'ट्रेचरस'चा भाऊ वाटला, तरी तो सोपवणं या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन क्रियापदातून आला आहे.