पिशवी जपून ठेवा



जालना हे बियाण्याचं गाव. पेरणी झाली तरी शेतकरी रिकामी पिशवी फेकत नाही, हे आज पदवी हाती आलेल्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी घरीच पाहिलंय. लेबल, पावती आणि मूठभर बियाणं तो कोनाड्यात ठेवून देतो. कंपनीवर त्याचा राग नसतो. उगवलंच नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची, एवढाच त्याचा हिशेब असतो.

मतदान यंत्रांबद्दल मला आज जे सांगायचंय, ते या पिशवीइतकंच आहे.

२०१४ च्या विधानसभेला जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर ४५,०७८ मतं घेऊन निवडून आले. कैलास गोरंट्याल २९६ मतांनी पडले. वाद कोर्टात गेला, पण तो यंत्राचा नव्हता, घड्याळाचा होता. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर? निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं होतं, सीडीही मिळाल्या. पण चित्रण याच कॅमेऱ्यातलं आहे, असं लिहून देणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळेना. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि अंतिम निकाल लागला १४ जुलै २०२० रोजी. तोवर पुढची विधानसभा निवडणूकही उरकली होती!

न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने तेव्हा ठरवलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागणारच. तोंडी साक्षीवर भागणार नाही. मात्र पक्षकाराने जंग जंग पछाडूनही अधिकारीच देत नसतील, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नको. आज मोबाइल किंवा सीसीटीव्हीचा पुरावा निघाला की देशभरातले वकील ‘अर्जुन पंडितराव’ म्हणतात, ते हेच जालन्याचं प्रकरण.

मतदान यंत्राचीही अशीच पिशवी असते. मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय, तेव्हा ती पाहिलीय. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. यंत्राचा आकडा आणि मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या, मग यंत्र कोरं करायचं, चिठ्ठ्या पाकिटात घालून सील करायच्या. मतदाराला काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. संध्याकाळी ‘क्लोज’चं बटण दाबलं की एकूण मतांचा आकडा नमुना १७-सी मध्ये भरायचा, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या, त्यांना प्रत द्यायची. सकाळी टेबलाशी पाच-सहा प्रतिनिधी दाटीवाटीने बसलेले. संध्याकाळी मी प्रत घेऊन हाका मारतोय आणि समोर दोघेच! बाकीचे चहाला गेले ते गेलेच. निकालानंतर यंत्राच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांत हे चहाला गेलेलेही असतात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून शंकाच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन पाहायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्या मतदानाला कायद्याचा आधार नव्हता, हे खरं. पण बंदोबस्ताने शंका जात नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, तेव्हाच दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची वाटही दिली. निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करायचा. ही वाट मला अरुंद वाटते. ती रुंद करून मागायचा हक्क आपल्याला आहे.

तुमच्यातले काही उद्या तहसीलमध्ये, बँकेत, कोर्टात टेबलामागे बसतील. समोरचा प्रमाणपत्र मागायला आला, तर त्याच आठवड्यात सही करून द्या. आणि पुढच्या निवडणुकीत, पक्ष कुठलाही असो, एकदा तरी मतदान प्रतिनिधी म्हणून बसा. चहा नंतर प्या. १७-सी ची प्रत खिशात घातल्याशिवाय केंद्र सोडू नका.