जुनी फळी, नवे पंख

पांढुर्णा आणि सौसर हा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि जाम नदीचे पात्र वर्षातील बराच काळ उथळच असते. अशा मुलखात शिडाच्या फळीची गोष्ट काढणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या राज्यात हा नवा जिल्हा २०२३ साली निर्माण झाला, त्याच राज्यातील भोपाळच्या मोठ्या तलावाने शिडाच्या होड्यांची विद्या देशाला शिकविली आहे. देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर ही कन्या तेथील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये तयार झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरात हांगझौ आशियाई क्रीडास्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. त्याच दिवशी एबाद अली या भारतीय खेळाडूने शिडाच्या फळीवर उभे राहून कांस्यपदक पटकाविले. समुद्रकिनारा नसला म्हणजे वारा आणि पाणी यांची विद्या परकी ठरते, असे मुळीच नाही.

एबाद अलीने जिच्यावर पदक मिळविले ती फळी आरएस-एक्स जातीची. २००८ च्या बीजिंगपासून २०२१ साली झालेल्या टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये हीच फळी मान्य होती. पुढे २०२४ च्या स्पर्धेत, मार्सेयच्या समुद्रावर, तिची जागा आयक्यू-फॉइल या नव्या फळीने घेतली. जुनी फळी २८६ सेंटिमीटर लांब व ९३ सेंटिमीटर रुंद होती. नवी २२० सेंटिमीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद आहे. परंतु खरा भेद या मापांत नाही. नव्या फळीच्या खाली ९५ सेंटिमीटर उंचीचा एक दांडा असतो आणि त्याच्या टोकाशी पंख. वेग आला की हे पंख पाण्याखाली राहतात आणि फळी स्वारासह हवेत उचलली जाते. तळाला पाण्याचे घर्षण उरत नाही, आणि मंद वाऱ्यातही ती भरधाव निघते.

कल्पना तशी जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ साली माज्जोरे सरोवरावर पंखांवर चालणारी नौका चालविली. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या नौकेने १९१९ साली कॅनडात ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने पाण्यातील चिमुकला पंखही मोठा भार पेलतो. आयक्यू-फॉइलचा पुढचा पंख अवघा ९०० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे घरातल्या एखाद्या लहान पाटाएवढा. पण तो माणूस, शीड आणि फळी यांचे ओझे उचलतो. कोन तोच ठेवून वेग दुप्पट केला, तर उचल चौपट होते.

या कोनाचे मर्म शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. फाळाचे तोंड किंचित खाली झुकले की नांगर खोल शिरतो, वर झाले की तो उथळ चालतो. पाण्यातील पंखाचेही तसेच. पुढच्या पायावर भार दिला की फळी खाली येते, मागच्या पायावर दिला की वर चढते. आणि फार वर चढून पंख पृष्ठभागाशी आला, तर त्यावर हवा ओढली जाऊन उचल एकाएकी नाहीशी होते व स्वार आपटतो.

आता जेथे जेथे हा खेळ आहे, तेथे जुन्या फळ्या अडगळीत पडल्या आहेत. नवे साहित्य महाग. तेव्हा जुन्याच फळीला पंख लावावे, हा विचार सुज्ञपणाचा आहे. ती लांब व तरंगणारी असल्याने नवशिक्याला सोयीचीही पडते. मात्र यात एक धोका दडलेला असतो. जुन्या फळीच्या मागील खोबणीत केवळ फिन बसवायचे असे. त्या फिनवर जोर येई तो मुख्यतः बाजूने. नव्या रचनेत मात्र सगळे ओझे त्या एकाच खोबणीवर खालून वर दाबते, शिवाय लांब दांडा तरफेसारखा तिला पुढे, मागे आणि बाजूंना पिळतो. एकाच बोल्टवर तोललेली जुनी खोबण हा पीळ सोसत नाही. ती भर वेगात उखडली, तर दांडा आणि धारदार पंख नेमके कोठे लागतील, हे कोण सांगणार?

म्हणून काम क्रमाने करावे लागते. प्रथम फळीचे वजन करून आत पाणी मुरले आहे काय ते पाहावे व ती पूर्ण सुकवावी. मग खालून खाच कापून आतला हलका गाभा काढावा आणि तेथे कठीण फोमचा ठोकळा असा बसवावा की तो तळाच्या कवचापासून वरच्या कवचापर्यंत पोहोचेल. त्याभोवती काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे थर द्यावे. ठोकळ्यात एकमेकांपासून ९० मिलिमीटर अंतरावर दोन समांतर पट्ट्या बसविल्या, तर त्यांवर दांडा चार बोल्टांनी आवळता येतो व मागेपुढे सरकविताही येतो. हे सरकविणे महत्त्वाचे, कारण उचलीचा मध्य स्वाराच्या दोन्ही पायांच्या दरम्यान यावा लागतो.

चिकटविण्याच्या द्रव्यातही घात असतो. गाभा थर्मोकोलच्या जातीचा असेल, तर पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकते. तेथे इपॉक्सीच हवे. तेही एकदम ओतू नये. मोठा साठा आपल्याच उष्णतेने इतका तापतो की भोवतालचा गाभा वितळतो. थोडे थोडे ओतावे आणि प्रत्येक थर थंड होऊ द्यावा. पुढे पहिली चाचणी दांड्याच्या लांबीहून बऱ्याच खोल पाण्यात, मंद वाऱ्यात, डोक्याला शिरस्त्राण व अंगात तरंगते जाकीट घालून करावी. आणि किनाऱ्यावर परतताच सांध्याशी केसाएवढी तरी चीर पडली आहे काय, हे बोट फिरवून तपासावे.

श्रोतेहो, जुन्याचा उपयोग करणे हा आपल्या घरांचा जुनाच संस्कार आहे. फळी जुनी चालेल, शीड जुने चालेल; परंतु ज्या सांध्यावर एका मुलाचा जीव तोलला जाणार आहे, तेथे काटकसर करू नये. खर्चाची वही मिटण्यापूर्वी तो सांधा जाणत्या कारागिराला दाखवावा, आणि त्याने मान डोलविली तरच फळी पाण्यात लोटावी.