कुलूप आणि कुलूप लावणारा



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा गणित्यांच्या पराक्रमावर मी बोलावे हा आगाऊपणाच आहे. पण या पराक्रमात गणिताइतकाच माणूस ओळखण्याचा भाग होता, आणि माणसे ओळखण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आपले बिनतारी निरोप ‘एनिग्मा’ यंत्रातून गुप्त करून पाठवीत. टाइपरायटरसारख्या कळा, आत फिरणारी तारांची चक्रे. कळ दाबली की भलतेच अक्षर दिव्यावर उजळे आणि चक्र एक घर सरके. म्हणजे तीच कळ पुन्हा दाबा, उत्तर निराळे! एकेक जुळणी तपासायची तर जन्म पुरायचा नाही.

१९३२ साली पोलंडच्या मारियान रेयेव्स्की या तरुण गणित्याने हे यंत्र न पाहता त्याची आतली जोडणी शोधली. फ्रेंचांनी मिळविलेले काही कागद त्याच्या हाती होते. तरी एक गाठ सुटेना. कळांकडून चक्रांकडे जाणाऱ्या तारांचा क्रम कोणता? बाजारात मिळणाऱ्या एनिग्मात तो कळांच्या रांगेप्रमाणे होता. रेयेव्स्की म्हणाला, जर्मन माणूस शिस्तीचा, त्याने सरळ ए, बी, सी असाच लावला असेल. तसाच निघाला! इंग्रजांचे डिली नॉक्स हे जाडे विद्वान नेमके इथेच अडले होते. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ पोलिश मंडळींनी आपले सारे गुपित इंग्रज-फ्रेंचांपुढे ठेवले, तेव्हा हे इतके सोपे उत्तर ऐकून नॉक्स चिडले. विद्वानाला अवघड उत्तराची सवय असते, त्याला काय करणार?

पुढे इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे याच नॉक्सच्या हाताखाली मेव्हिस लीव्हर नावाची, विशीही न उलटलेली मुलगी होती. एनिग्माची एक खोड अशी की कोणतेही अक्षर त्याच अक्षराने कधी येत नाही. एक लांबलचक इटालियन संदेश पाहताना तिच्या ध्यानात आले की यात ‘एल’ कुठेच नाही. तिने ओळखले : कुणा कंटाळलेल्या शिपायाला खोटा संदेश पाठवायला सांगितला असणार, आणि तो पठ्ठ्या ‘एल’ची एकच कळ दाबीत बसला असणार! त्या एका आळसातून चक्राची जोडणी हाती आली.

मला हे वाचून आमची एक बाई आठवली. एका कारखान्यात ओव्हरटाइमचा तंटा होता. पस्तीस कामगारांची मजुरी अडली होती. मालकांनी हजेरीपुस्तक पुढे केले, त्यात जादा तास नव्हतेच. आम्ही चार दिवस बेरजा तपासल्या. पॅकिंगमधली ती बाई पाने चाळून म्हणाली, “भाऊ, भर आषाढात कुणालाच एकदाबी उशीर न्हाई? ही वही एका बैठकीत लिवलीया.” आम्ही लिहिलेले वाचीत होतो, तिने न लिहिलेले वाचले. शेवटी तडजोड झाली; सगळे पैसे मिळाले नाहीत, पण बरेच मिळाले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती तर आमच्याच धंद्यातली. ब्लेचलीत कारकून आणि टंकलेखक कमी पडत, काम तुंबे. वरचे ऐकत नसत. २१ ऑक्टोबर १९४१ रोजी ट्यूरिंग, वेल्चमन, अलेक्झांडर आणि मिल्नर-बॅरी या चौघांनी वरिष्ठांना डावलून थेट चर्चिलसाहेबांना अर्ज लिहिला. मिल्नर-बॅरी तो स्वतः आगगाडीने लंडनला घेऊन गेले. चर्चिलनी ‘आजच्या आज करा’ असा शेरा मारला. चर्चिलविषयी आपले मत काय असायचे ते असो, अर्ज कसा निकाली काढावा हे त्यांच्याकडून शिकावे.

युद्ध संपताना तिथे सुमारे नऊ हजार माणसे होती, त्यांत चारांत तीन बाया. तोंडावर कुलूप इतके पक्के की १९७४ पर्यंत जगाला पत्ता नव्हता. कित्येकींचे आईबाप, आपल्या लेकीने लढाईत काय केले हे न कळताच गेले.